‘लहानात लहान घातांक’ म्हणजे नेमका कोणता?

प्रश्न : ‘सामाईक अवयव काढताना लहानात लहान घातांक घ्यायचा’ हे वाक्य शाळेपासून कानावर आहे. परवा भाचीला ६क्ष^(−२) + ९क्ष^(−५) या राशीचे अवयव पाडायला दिले. तिने ३क्ष^(−२) बाहेर काढला. का, तर ‘दोन पाचापेक्षा लहान’. इथे ‘लहान’चा अर्थ काय धरायचा? आणि घातांक ऋण असताना ‘अवयव’ हा शब्द तरी चालतो का?

उत्तर : ‘लहान’ म्हणजे संख्यारेषेवर जो डावीकडे तो. −५ हा −२ च्या डावीकडे आहे, म्हणून −५ लहान. घोटाळा होतो तो चिन्ह सोडून नुसता आकडा वाचल्यामुळे. ‘ऋण’ म्हणजे कर्ज. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये धन आणि ऋण हेच शब्द घेऊन बेरीज-गुणाकाराचे नियम सांगितले. पाचाचं कर्ज असलेला माणूस दोनाचं कर्ज असलेल्यापेक्षा गरीब, हे भाचीला लगेच पटेल.

मला मात्र ‘लहान’पेक्षा ‘काढणे’ हा शब्द जास्त फसवा वाटतो. पाच आंबट फोडी काढल्या म्हणजे पाच कमी झाल्या, तसं इथे होत नाही. सामाईक काढणे म्हणजे प्रत्येक पदाला त्या अवयवाने भागणे. भागाकारात घातांकांची वजाबाकी होते, म्हणून कंसात उरणारा घातांक = मूळ घातांक − बाहेर काढलेला घातांक. पहिल्या पदासाठी −२ − (−५) = ३, दुसऱ्यासाठी −५ − (−५) = ०. म्हणून

६क्ष^(−२) + ९क्ष^(−५) = ३क्ष^(−५)(२क्ष^३ + ३)

त्या दोन उणे चिन्हांपाशी बरीच मुलं अडखळतात आणि कंसात क्ष^(−७) लिहून बसतात. वजाबाकी मनात न करता समासात पूर्ण लिहायला लावा. अपूर्णांकात हवं असेल तर ३(२क्ष^३ + ३) अंशात आणि क्ष^५ छेदात.

भाचीला ‘चूक’ म्हणू नका, कारण ३क्ष^(−२)(२ + ३क्ष^(−३)) हेही गुणून पाहिलं तर मूळ राशीच मिळते. फक्त कंसात ऋण घातांक शिल्लक राहिला, म्हणजे काम अर्धवट राहिलं.

आता ‘अवयव’. बहुपदीत घातांक ऋण चालत नाही, म्हणून काटेकोर बोलायचं तर क्ष^(−५) हा बहुपदीचा अवयव नाही. ऋण घातांकांना परवानगी दिली, की क्षचा कुठलाही घात कुठल्याही पदाला भागतो. मग मसावितल्या ‘महत्तम’ला घातांकांपुरता अर्थ राहत नाही. लहानात लहान घातांक घेण्याचं कारण सोयीचं आहे : कंसात साधी बहुपदी उरते, आणि तिचे पुढे नेहमीसारखे अवयव पाडता येतात. क्ष^(−२) − ५क्ष^(−१) + ६ मधून क्ष^(−२) काढा, कंसात १ − ५क्ष + ६क्ष^२ उरेल, म्हणजे (१ − २क्ष)(१ − ३क्ष). ‘अवयव’ शब्द मी बिनदिक्कत वापरतो. तो गुणाकारातला एक घटक सांगतो, तेवढं पुरे.

आणखी एक शंका : घातांक ऋण असला की किंमतही ऋण, असा समज होतो. त्यासाठी दुसरा शब्द नाही का?

उत्तर : शब्द बदलू नये, ‘ऋण’ कशाला लागतो ते सांगावं. ‘ऋण घातांक’मध्ये ऋण हे घातांकाचं विशेषण आहे, किमतीचं नव्हे. २^(−३) म्हणजे १/८, −८ नव्हे. तो २^३ चा गुणाकार व्यस्त. वाचताना ‘दोनाचा उणे तीनवा घात’ म्हणा, ‘उणे दोनाचा तिसरा घात’ नको. या दुसऱ्या वाचनाची किंमत −८ येते.

आणि ‘पुढे याचा उपयोग काय’ असं भाचीने विचारलं, तर विकलनातली ही राशी दाखवा : क्ष(क्ष + १)^(−१/२) + २(क्ष + १)^(१/२). इथे लहान घातांक −१/२. दुसऱ्या पदात १/२ − (−१/२) = १ उरतो, म्हणून उत्तर (क्ष + १)^(−१/२)(३क्ष + २). राशी शून्य कधी होईल हे मूळ रूपात दिसत नाही. इथे (३क्ष + २) कडे पाहिलं की क्ष = −२/३ दिसतं.