परिषदेतलं रक्तदान शिबिर कोणत्या वेळेला ठेवावं? मदत हवी आहे

अभियंत्यांची दोन दिवसांची परिषद, 250 प्रतिनिधी, रक्तपेढीच्या 6 खाटा. एका खाटेवर तासाला तीन-चारच दाते होतात, शिवाय दात्याला नंतर 15 मिनिटं बसवायचं; म्हणजे चहाच्या सुट्टीत हे उरकणं अशक्य. दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवलं तर आदल्या रात्रीचं कॉकटेल डिनर आणि जागरण आडवं येतं. म्हणून पहिल्या दिवशी 11 ते 4 सलग ठेवावं असं वाटतं. बीजभाषणाला गर्दी कमी दिसली तर दिसू दे!

दात्याचं हिमोग्लोबिन किमान 12.5, वजन किमान 45 किलो, आधीच्या रक्तदानापासून पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 120 दिवसांचं अंतर हे नोंदणी अर्जातच विचारावं का? की लोक बिचकतात? वेळेचे टोकन कोणी वापरलेत?