विषबाधेच्या हेल्पलाइनवर फोन नक्की कोण उचलतं?

ओझरची_मावशी:
नमस्कार मंडळी. माझ्या बहिणीच्या अडीच वर्षाच्या पोरीने डासांच्या मशीनची रिफिल काढून तोंडाला लावली, किती गिळलं कुणालाच माहीत नाही, फ्रॉकला नुसता रॉकेलसारखा वास. शेजारच्या आजी म्हणाल्या मिठाचं पाणी पाजा आणि उलटी काढा, पण भावजींनी तेवढ्यात नेटवर बघून दिल्लीच्या एम्सचा विषबाधेचा नंबर लावला आणि समोरच्या बाईंनी पहिलंच सांगितलं की उलटी अजिबात काढायची नाही. मग विचारलं पोरीचं वजन किती, बाटली नवी होती का अर्धी, किती वाजता झालं, खोकला लागलाय का, ओठ निळे दिसतायत का. आणि लगेच दवाखान्यात नेऊन छाती तपासून घ्या म्हणाल्या. एक रात्र अ‍ॅडमिट होती, आता छान आहे.
माझा प्रश्न असा की ही माणसं कोण असतात? डॉक्टर का ऑपरेटर? पगार कोण देतं? आणि एवढी चांगली सोय आहे तर आपल्याकडे दहातल्या एकालाही माहीत का नाही, आणि नाशिकला असं काही का नाही?

फार्मा_गंगापूररोड:
मावशी, पोरगी बरी आहे हे वाचून फार बरं वाटलं. मी फार्माकॉलॉजी म्हणजे औषधशास्त्र शिकवतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो.
तुम्ही फोन केला ते नॅशनल पॉयझन्स इन्फर्मेशन सेंटर. एम्सच्या फार्माकॉलॉजी विभागात 1995 पासून आहे, 24 तास चालतं, टोल फ्री नंबर 1800 116 117. एम्स केंद्र सरकारचं, त्यामुळे खर्च सरकारचा आणि फोन करणाऱ्याला एक पैसा लागत नाही. फोनवर बसणारी माणसं विषशास्त्राचं ट्रेनिंग घेतलेली असतात आणि मागे विभागातले प्राध्यापक असतात. समोर कॉम्प्युटरवर विषांचा डेटाबेस, त्यात कुठल्या प्रॉडक्टमध्ये काय घटक आहे, किती डोसला काय होतं, उतारा आहे का नाही, सगळं असतं. घरच्यांइतकेच दवाखान्यातले डॉक्टरही तिथे फोन करतात, कारण हजारो केमिकल्स कुणाच्याच डोक्यात राहू शकत नाहीत.
आता ते प्रश्न का विचारले ते बघा, कारण खरं कौशल्य तिथेच आहे. रिफिलमध्ये डास मारणारं औषध अगदी थोडं असतं, बाकी बहुतेक रॉकेलच्या जातीचं द्रावण. ते पोटात गेलं तर तितकं नुकसान होत नाही पण उलटीबरोबर वर आलं आणि श्वासनलिकेत गेलं की फुफ्फुसाला सूज येते, म्हणून खोकल्याबद्दल विचारलं. आणि मिठाचं पाणी तर कुठल्याच विषाला देऊ नका, लहान मुलाच्या रक्तात सोडियम एवढं वाढतं की झटके येतात. आजींनी मायेनेच सांगितलं असणार, पण आता त्यांनाही नीट समजावून सांगा.

पंचवटी_ते_न्यूजर्सी:
मी इथे अमेरिकेत नर्स आहे, माझी एक मैत्रीण पॉयझन सेंटरला काम करते. इथलं पहिलं सेंटर शिकागोला 1953 मध्ये सुरू झालं, आता पन्नासच्या वर आहेत पण 2002 पासून सगळ्या देशाला एकच नंबर, तुम्ही जिथून लावाल तिथल्या सेंटरला जोडला जातो. फोनवर मुख्यतः नर्स आणि फार्मासिस्ट. आधी सिनिअरच्या शेजारी बसून कॉल ऐकायचे, मग त्यांच्या देखरेखीखाली स्वतः घ्यायचे, आणि भरपूर केसेस हाताळल्यावरच सर्टिफिकेशनच्या परीक्षेला बसता येतं. अवघड केस असली की टॉक्सिकॉलॉजिस्ट डॉक्टर ऑन कॉल असतात, रात्री तीनलाही उठवतात.
पैशाचं म्हणाल तर केंद्र सरकारचा वाटा लहान आहे, बाकी राज्य सरकारं, हॉस्पिटलं, युनिव्हर्सिट्या मिळून भागवतात, त्यामुळे बजेट कापलं की ही मंडळी कायम टेन्शनमध्ये. हे मला मनापासून चुकीचं वाटतं, कारण साधारण तीनातले दोन पेशंट घरीच राहून बरे होतात, दवाखान्याचा केवढा खर्च वाचतो. मैत्रीण शिफ्टमध्ये पहिल्या फोनइतकेच परत फोन लावते, दोन तासांनी पोरगं कसं आहे, झोपलंय का, जागं करून बघा हाक मारल्यावर ओ देतं का. आणि प्रत्येक कॉलची नोंद काही मिनिटांत राष्ट्रीय डेटाबेसला जाते, मग एखाद्या प्रॉडक्टच्या तक्रारी अचानक वाढल्या तर लगेच लक्षात येतं.
इंग्लंडमध्ये अजून वेगळं आहे, तिथे विषबाधेची सेवा फक्त डॉक्टर-नर्सना सल्ला देते, सामान्य माणसाने 111 लावायचा.

दिंडोरीचा_बागायतदार:
राम राम. आमच्याकडे मुलांपेक्षा फवारणीवाल्यांचा प्रश्न मोठा आहे दादा. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की काडीचे डोळे फुटायला हायड्रोजन सायनामाइड या रसायनाची पेस्टिंग चालते, म्हणजे ते काडीला लावतात, ते अंगाला लागलेलं असताना किंवा पुढचे काही दिवस माणूस दारू प्यायला तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, श्वास लागतो, लोकांना वाटतं दारू चढली. मजुरांना हे मुकादमाने सांगायला पाहिजे पण कोण सांगतं. 2017 ला यवतमाळला फवारणीत वीसच्या वर माणसं गेली ते विसरता येत नाही.
मी गड्यांना एकच सांगून ठेवलंय, डबा फेकायचा नाही. त्यावर त्रिकोण असतो, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, आणि घटकाचं नाव, उतारा काय द्यायचा तेही बारीक अक्षरात छापलेलं असतं. दवाखान्यात नुसतं "औषध मारताना चक्कर आली" सांगितलं तर डॉक्टर तरी काय करणार. लेबलचा फोटो काढा, फोनवर वाचून दाखवता येतं.
फक्त एक अडचण, आमचा गडी दिल्लीला हिंदीत कसा बोलणार?

फार्मा_गंगापूररोड:
दादा, अगदी बरोबर मुद्दा, आणि मावशींच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पण इथेच आहे. हिशोब बघा, आठवड्याचे 168 तास, माणशी 48 तास धरले तर एका खुर्चीला साडेतीन माणसं, सुट्ट्या-आजारपण धरून पाच. ती पण ट्रेनिंग दिलेली. फक्त नाशिकपुरतं केलं तर दिवसाला फोन इतके कमी येतील की शिकलेलं विसरायला होईल, या कामात हात चालू राहावा लागतो. म्हणून प्रत्येक जिल्ह्याला मागण्यात अर्थ नाही, पण राज्याला एक मराठी बोलणारं सेंटर, एखाद्या मोठ्या मेडिकल कॉलेजला जोडलेलं, हे नक्की व्हायला पाहिजे. आरोग्य विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे, तिथून आवाज उठला तर वजन पडेल. मी विभागातून पत्र पाठवतोय, तुमच्या द्राक्षवाल्यांच्या सह्या मिळाल्या तर फारच उत्तम.

ओझरची_मावशी:
सर, सह्यांचं मी पण बघते, आमच्या महिला मंडळात सांगते. म्हणजे काहीही झालं की आधी हाच नंबर लावायचा ना?

फार्मा_गंगापूररोड:
नाही मावशी, हे महत्त्वाचं. माणूस बेशुद्ध असेल, झटके येत असतील, श्वास नीट चालत नसेल तर आधी 108, बाकी सगळं नंतर. पेशंट बोलतोय-चालतोय आणि काय करायचं कळत नाहीये तेव्हा 1800 116 117. आणि उंदराच्या पेस्टच्या बाबतीत बरं वाटतंय म्हणून घरी थांबायचंच नाही. पिवळ्या फॉस्फरसवाल्या पेस्टमध्ये पहिले एक-दोन दिवस पेशंट ठणठणीत दिसतो आणि मग लिव्हर जातं, तिथे सरळ सिव्हिल गाठा आणि ट्यूब बरोबर न्या.

दिंडोरीचा_बागायतदार:
सर, सह्यांचा कागद मोहाडीला पाठवा, सोसायटीच्या मीटिंगला फिरवतो.