फियाटच्या मडगार्डवरची भोकं

तुम्ही विचारलंत ना, तुमच्या जुन्या फियाटच्या डाव्या मडगार्डवर लांबी (पुट्टी) भरून बुजवलेली भोकं कसली, तर ती बहुतेक टॅक्सी मीटरची! मुंबईत जुने मेकॅनिकल मीटर बाहेर डावीकडेच असायचे. सांगलीत आमच्या काकांची १९७८ची पद्मिनी (म्हणजे फियाटच), एजंटनं डॉक्टरांची सिंगल हँड, म्हणजे एकाच मालकानं वापरलेली गाडी म्हणून गळ्यात मारलेली, गॅरेजात रंग खरवडला तर पांढऱ्याखाली काळा आणि टपावर चक्क पिवळा, म्हणजे बाई मुंबईत राबून आल्यात. दाराखालच्या पोकळीत वाटीभर वाळलेला गाळ निघाला, तो मात्र आमचाच, २०१९च्या कृष्णेच्या पुराचा. तुम्ही चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडून बघाच. काका म्हणतायत टप आता पिवळाच ठेवू, काकू दोन दिवस बोलत नाहीयेत.