मदत हवी आहे: महिला लॅक्रॉसमधला फाउल कळत नाही

मंडळी, लॅक्रॉस (जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ) कळणारं कुणी आहे का इथे? भाची अमेरिकेत शाळेच्या संघात खेळते, तिच्या नादाने २०२५ ची एनसीएए (म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या स्पर्धेची) महिला फायनल पाहिली. नॉर्थ कॅरोलायनाने नॉर्थवेस्टर्नला १२-८ ने हरवलं, तेही अख्खा मोसम एकही सामना न गमावता! बारा-बारा जणी, पंधरा मिनिटांची चार सत्रं, इथवर डोक्यात शिरलं. पण बचाव करणारी नुसती गोलसमोर उभी, साधा हातही लावलेला नाही, तरी शिट्टी वाजते आणि समोरचीला आठ मीटरवरून मोकळा फटका! भाची म्हणते, तीन सेकंदांचा फाउल वेगळा आणि 'शूटिंग स्पेस'चा वेगळा. टीव्हीवर बघताना हे दोन ओळखायचे कसे? पंचांच्या खुणा वेगळ्या असतात का?