भुसावळच्या उन्हात तग धरेल असा झुडपी गुलाब सुचवा

तापीकाठ:
घर भुसावळला. ओट्यासमोर चार बाय चार फुटांची जागा आहे, माती काळी, ऊन सकाळपासून दुपारी दोनपर्यंत. पसरणारं झुडूप हवंय, फुलं गुच्छाने यावीत आणि मे महिन्यात जळू नये. लांब दांड्याचा, एकेक फुलाचा नको. दोन रोपांचे मिळून ३०० रुपये.

चोपडेकर:
ग्रुस आन टेप्लिट्झ घ्या. १८९७ सालची जात, गडद लाल. फुलं मान टाकतात, पण वास अंगणभर. आमच्याकडे कुंपणाला आहे, उन्हाळ्यात फुलं बारीक होतात, झाड हलत नाही.

सातपुडा_वारा:
मी डेव्हिड ऑस्टिन या इंग्रज गुलाबवाल्याच्या जातीचं रोप मागवलं, १२०० पडले. फूल बघितलं की पैसे विसरायला होतात. एकदाच चांगलं घ्या.

तापीकाठ:
दोन्ही मिळून ३०० म्हटलंय भाऊ.

पारोळा_अंगण:
नाव बघून घेऊ नका भो. मला लाल म्हणून दिलेलं रोप गुलाबी निघालं. नर्सरीवाला म्हणे, उन्हाने रंग बदलला. फुलावर असलेलंच रोप उचला.

जळगाव_बाग:
जातीआधी माती बघा. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी तुंबतं, मुळं कुजतात, आणि दोष जातीला जातो. दीड फूट खड्डा, त्यात वाळू, कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. रोप वरंब्यासारख्या उंचवट्यावर लावा. डोळा भरल्याची गाठ, म्हणजे कलम जिथं बांधलंय ती जागा, मातीच्या वर राहू द्या. गाठीखालून जोमाने वर जाणारा फुटवा खुंटाचा, म्हणजे कलमाखालच्या जंगली गुलाबाचा असतो, तो मुळापासून ओढून काढा. ठेवलात तर हळूहळू कलम मरतं आणि खुंटच वाढतो. पारोळ्याच्या ताईंनी गुलाबी फूल खुंटाचं तर नाही ना, तेही तपासावं.

पारोळा_अंगण:
माझं पहिलंच फूल गुलाबी होतं. खुंटाचा काही संबंध नाही.

कपाशीवाला:
गुलाब म्हणजे फुलकिडे. शेजारी कपाशी असेल तर विचारूच नका. कळ्या कडेने करपतात, उमलतच नाहीत.

जळगाव_बाग:
भुसावळच्या मेमध्ये फुलकिड्यांपेक्षा लाल कोळी, ही बारीक कीड, छळतो. पान उलटून बघा, बारीक जाळी आणि फिकट ठिपके दिसतील. सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. कोरड्या हवेत तो वाढतो. बुंध्याशी पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) चुरा किंवा वाळका पाला पसरा. उन्हाळ्यात कात्री लावू नका, छाटणी ऑक्टोबरमध्ये. दीड-दोन महिन्यांत बहर येतो.

रावेरकर:
केळीची सालं टाका, पालाश (पोटॅश) मिळतं. आमच्याकडे कमी नाहीत.

कपाशीवाला:
कच्ची सालं टाकून मुंग्या आल्या. आधी कुजवा.

चोपडेकर:
वर सांगितलंच आहे, ग्रुस आन टेप्लिट्झ. साधी नर्सरीसुद्धा १०० च्या आसपास देते.

यावलची_माई:
बाळा, गावठी गुलाब लाव. गुलकंद होतो, देवाला होतो. माझ्याकडची काडी घेऊन जा, पैसेच नकोत.

सातपुडा_वारा:
गावठीला बहर किती दिवस? नॉक आऊट बघा. २००० सालची अमेरिकन जात, पानांवर काळ्या ठिपक्यांचा रोग फारसा येत नाही. वास जवळजवळ नाही, तेवढं सोडलं तर.

चोपडेकर:
वास नाही तर गुलाब कशाला?

तापीकाठ:
सगळ्यांचे आभार. आज दोन पांढरे आइसबर्ग घेतले, २८० ला. लाल सुचवलंत, पण आम्ही रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर बसतो, तेव्हा अंधारात लाल फूल दिसतच नाही. १९५८ ची जर्मन जात, गुच्छाने फुलते, काटे कमी, आणि घरात लहान मूल आहे. वास मंद आहे हे माहीत आहे. जळगावच्या दादांचं मातीचं मात्र तंतोतंत करणार. आत्ता कुंडीतच सावलीत ठेवलीत, पहिला चांगला पाऊस झाला की जमिनीत.

जळगाव_बाग:
बरोबर. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोह कमी पडतंय, चुनखडीच्या मातीत होतं. थोडा हिराकस (फेरस सल्फेट) पाण्यातून द्या.

चोपडेकर:
पांढऱ्यावर आपल्याकडची धूळ बसते, सांगून ठेवतो.

कपाशीवाला:
आणि फुलकिडे पांढऱ्यावर आधी दिसतात.

रावेरकर:
माई, गावठीची काडी मला चालेल. यावलला कधी येऊ?