मदत हवी: बहिणीचं दुसरं बाळंतपण, तालुक्याला भूलतज्ज्ञ नाही. ओरोस की बांबोळी?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात असते, माहेर सिंधुदुर्गात. धाकटी बहीण बाळंतपणाला आईकडे आली आहे, चौतिसावा आठवडा चालू आहे. पहिलं सिझेरियन होतं, त्यामुळे यावेळीही तीच तयारी ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलंय.

तालुक्याचं सरकारी रुग्णालय घरापासून पंधरा मिनिटांवर. थिएटर आहे, सोनोग्राफीचं मशीनही आहे. मागच्या आठवड्यात तिला घेऊन गेले तर सोनोग्राफीच्या खोलीला कुलूप! दारावर कागद, 'सोनोग्राफी दर मंगळवारी'. त्यातला मंगळवार पेनाने खोडून गुरुवार केलेला, आणि आम्ही गेलो तो गुरुवारच होता. रेडिऑलॉजिस्ट दुसऱ्या रुग्णालयातून येतात, ते तिकडेच अडकले. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे पात्र डॉक्टरशिवाय मशीनला कोणी हात लावू शकत नाही, तेव्हा सिस्टरवर चिडून काय उपयोग? खासगीत जाऊन करून घेतली.

भूलतज्ज्ञांचं त्याहून वाईट. कागदावर पद भरलेलं, माणूस प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे. गरज पडली की बाहेरून बोलावतात, मोकळे असले तर येतात. प्रसूती वॉर्डातल्या सिस्टर एकट्या दोन वॉर्ड सांभाळत होत्या. हातातलं सलाईन न सोडता आईला हळूच म्हणाल्या, "काकी, रात्री कळा सुरू झाल्या तर इथे येऊन वेळ घालवू नका." तेव्हापासून आईची झोप उडालीय.

तर आधीच जागा ठरवून ठेवायचीय. ओरोसला आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथे अलीकडे कोणाचं सिझेरियन झालंय का? रात्री-अपरात्री भूलतज्ज्ञ खरंच हजर असतात का?

दुसरा पर्याय बांबोळी, म्हणजे गोव्याचं सरकारी मेडिकल कॉलेज. आमच्याकडची निम्मी गंभीर माणसं तिकडेच जातात. पण 2018 पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे पैसे पडतात. हल्ली सिझेरियनला साधारण किती लागतात आणि आपल्याकडचं रेशनकार्ड दाखवून काही सूट मिळते का? आधी ओपीडीत दाखवून केसपेपर करून ठेवला तर ऐनवेळी अडवत नाहीत ना?

गाडीचंही सांगा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातून पुढे पाठवताना वाहन फुकट मिळायला हवं. पण 108 गोव्याच्या हद्दीत सोडते की सीमेवरच्या पत्रादेवीला गाडी बदलावी लागते? कोणी नुकतंच गेलं असेल तर नक्की लिहा.

खासगीत 70 हजार सांगितलेत. अगदीच नाइलाज झाला तर उभे करू, पण तिचा नवरा कंत्राटी नोकरीत आहे, म्हणून आधी इथे विचारतेय.

'तक्रार करा' हा सल्ला कृपया आत्ता नको. तीही करणार आहे, पण बाळ काही उत्तराची वाट बघत थांबणार नाही. शनिवारी रात्रीच्या बसने मी गावी निघतेय, त्याआधी कळलं तर सोमवारी तिला घेऊन थेट तिथेच जाईन.