रेखाटन, रेखांकन की सरळ स्केच?

रेघोटी: मामांच्या पेन्सिल स्केचेसचं छोटं प्रदर्शन घरीच लावतोय, बडोद्यात, त्यामुळे पाट्या गुजराती आणि मराठी दोन्हीत हव्यात. गुजरातीत ‘रेखांकन’ लिहिलं तेच मराठीत ठेवलं, तर मामी म्हणाली मराठीत रेखांकन म्हणजे प्लॉटचं लेआउट आणि रेखांकित म्हणजे क्रॉस केलेला चेक. मग ‘रेखाटन’ करू का? पण भावाने आधीच ‘कच्ची रेखाटनं’ करून टाकलंय आणि ते ‘कच्ची’ मला अजिबात मान्य नाही. खंडेराव मार्केटातली एक भाजीवाली आहे, मानेपासून कमरेपर्यंत पाठीची एकच रेघ, जिथे बूड टेकलंय तिथे पेन्सिल इतकी दाबलीय की कागदाच्या मागे उठाव आलाय, तोंड काढलेलंच नाही, तराजूचं एक पारडं अर्धंच सोडलंय, तरी बाई सकाळपासून बसून अवघडलीय हे लगेच कळतं. ह्यात कच्चं काय आहे?

जुना_बडोदेकर: मामींचं बरोबर. रेखाटन लिहा. रेखांकन हे गुजराती-हिंदीच्या शेजारामुळे आपल्या तोंडी बसलंय, पुण्याचा माणूस पाटी वाचून प्लॉटचा भाव विचारेल.

मांडवी: पुण्याचा माणूस येणारे का पण बघायला? शेजारचा शब्द घेतला तर काय बिघडलं, सयाजीरावांच्या राज्यात 1931 साली शासनशब्दकल्पतरू हा कोश निघाला त्यात गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, फारसी सगळे शब्द शेजारी-शेजारी मांडलेत. ही बडोद्याची रीत आहे.

जुना_बडोदेकर: तो कारभाराचा कोश होता, चित्रांचा नव्हे.

राजवाडा_चौक: आम्ही इंदूरवाले सरळ स्केच म्हणतो, ‘स्केचिंगला चाललो’. देवळालीकर मास्तरांकडे बेंद्रे, हुसेन हे चित्रकार शिकले ते आमच्याकडेच, आणि बेंद्रे पुढे 1950 ला तुमच्या बडोद्याच्या फाइन आर्ट्स कॉलेजला आले, तेव्हा हा शब्द पण आला असेल सोबत :)

शुद्धमती: स्केच कशाला? ‘द्रुतरेखाटन’ म्हणा, अर्थ पूर्ण येतो.

मांडवी: पाटीवर फार जड होईल ते ताई.

रेघोटी: मला आवडला उलट. द्रुत ख्याल ऐकताना कोणी म्हणतं का की हा विलंबिताचा कच्चा खर्डा आहे? भावाला हेच सांगते. मामांनी त्या बाईचं नंतर मोठं ऑइलपण केलंय, साडीचा काठसुद्धा नीट रंगवलाय, पण त्यात ती नुसती बसलीय, अवघडलेली नाही. ती एक दाबलेली रेघ ऑइलमध्ये आलीच नाही.

शुद्धमती: रेघ की रेषा? माझ्या मते पट्टीने मारली ती रेषा, हाताने ओढली ती रेघ. रेघ हे रेखाचंच बोलीत घासलेलं रूप, म्हणून हाताला जवळचं.

जुना_बडोदेकर: मग हातावरची रेषा कोणत्या पट्टीने मारलीय? असा भेद नाहीये मराठीत.

शुद्धमती: आमच्या घरी आहे. आजी स्लेटवर रेघाच मारायला लावायची, रेषा कधीच नाही.

राजवाडा_चौक: शब्दाचं इतकं पाहताय तर शिसपेन्सिलचं पण बघा, त्यात शिसं कुठे असतं? इंग्लंडात बॉरोडेलला ग्रॅफाइट सापडलं ते लोकांना शिसं वाटलं, तेच नाव चिकटलं. आणि 1795 मध्ये काँतेने ग्रॅफाइटमध्ये माती मिसळून भाजली, माती कमी तर पेन्सिल मऊ आणि काळी. तुमच्या भाजीवालीची ती दाबलेली रेघ 4बी नाहीतर 6बी असणार (बी चा आकडा मोठा तशी पेन्सिल मऊ), नेहमीच्या एचबीने तेवढं काळं उमटतच नाही.

रेघोटी: 6बीच आहे, डब्यात तुकडे सापडले. म्हणजे पाटीवर ‘शिसपेन्सिल’ पण चूक का?

जुना_बडोदेकर: चूक कशी, सगळे तेच म्हणतात.

शुद्धमती: मग हाच न्याय मघाशी रेखांकनाला का नाही लावलात?

राजवाडा_चौक: पाटीचं चालू द्या, पण फिक्सेटिव्ह, म्हणजे रेघ पुसू नये म्हणून मारायचा फवारा, मारलंय का? 6बी आहे, नुसता हात लागला तरी फिसकटेल. फ्रेम करेपर्यंत मध्ये बटरपेपर घाला आणि चित्रं एकमेकांवर घासू देऊ नका.